दोन श्रावणांमधले मासे

माझ्या सासऱ्यांनी एका रविवारी जेवणाच्या ताटावर बसून माझ्यासाठी जे केलं, ते मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगायला लागलं की लोक आधी हसतात आणि मग त्यांना पुढचं ऐकूच येत नाही. गोष्ट माशांची आहे, त्यामुळे हसणं साहजिक आहे. पण त्या माशांपायी एका म्हाताऱ्या माणसाने बायकोच्या मनातली आपली जागा पणाला लावली, आणि तीही कशासाठी, तर सुनेने कचेरीत चुकीची रेघ दाखवू नये म्हणून. तो दिवस आठवला की अजूनही मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटतं.

मी अमरावतीची. लग्न करून रायपूरला आले तेव्हा राज्य नवीन होतं. राजधानीच्या कचेऱ्या मिळेल तिथे थाटलेल्या होत्या. आमची कचेरी शंकर नगरात एका भाड्याच्या बंगल्यात होती. दिवाणखान्यात आमच्या प्रमुख मॅडमचं टेबल, बेडरूममध्ये कॉम्प्युटर, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर औषधी पाण्यात बुडवलेल्या माशांच्या बरण्या. घरमालकीण कधी भाडं न्यायला आली तर ओट्याकडे बघून डोळे मिटून घ्यायची. बिचारीने तिथे वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या होत्या.

नवरा कोरब्याला वीज प्रकल्पात, महिन्यातून दोनदा यायचा. मी सासू-सासऱ्यांजवळ राहत होते. सासरे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे, पण सगळी नोकरी या बाजूला गेलेली. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की घरचं माझ्याकडे, तू तुझं काम कर. गच्चीवरचे कपडे सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणाऱ्या काळ्या धुळीने भरायच्या आत काढायचे, एवढंच माझ्याकडे होतं, आणि तेही मी विसरायचे. त्या बाईने मला नोकरी करू दिली असं मी म्हणत नाही. तिने ती माझ्याबरोबर केली.

सासूबाई माळकरी घरातल्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणही चातुर्मासात बंद. सोयरीक ठरताना त्यांच्या वडिलांनी मुलाकडून एकच गोष्ट मागितली होती, मांस-मच्छी घरात नको आणि पोटातही नको. मुलगा हव म्हणाला, आणि लग्न झालं. सासूबाईंना मी आई म्हणायचे आणि सासऱ्यांना बाबा. ही गोष्ट आई प्रत्येक सणाला एकदा तरी सांगायच्या, आणि सांगताना बाबांकडे अशा बघायच्या की त्या हव शब्दावरच हे घर उभं आहे. बाबा तेव्हा पेपरात तोंड घालून बसायचे. रविवारी दुपारी ते रेल्वेच्या क्लबात कॅरम खेळायला जायचे आणि संध्याकाळी कमी जेवायचे. आईंच्या मते कॅरमला फार वेळ वाकून बसल्याने त्यांचं पोट धरायचं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही जीवजातींचा धोका मोजायचो. एखादी जात सुखरूप आहे, काळजीच्या उंबऱ्यावर आहे, धोक्यात आहे, की संपलीच, अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. काही वर्षांनी पुन्हा जाऊन बघायचं की कोणती जात पायरी उतरली आणि कोणती चढली. सगळ्यांचा हिशेब एकत्र करून एक रेघ काढायची. रेघेचं एक टोक म्हणजे सगळ्या जाती सुखरूप, दुसरं टोक म्हणजे एकही उरली नाही. एका फेरीने काहीच कळत नाही. दोन फेऱ्या झाल्या की रेघेला उतार येतो, आणि मग कळतं की आपण कुठल्या दिशेने चाललो आहोत. मला त्या उताराचं वेड लागलं होतं, हे कबूल करते. वाघ-हत्तींचा उतार सगळेच काढतात. आम्हाला मिळाले होते तळ्यांतले आणि धानाच्या बांधांतले लहान मासे, ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

पहिली फेरी माझ्या आधी, चारेक वर्षांपूर्वी झाली होती. दुसरी मला करायची होती. पद्धत सोपी होती. आठवडी बाजारांत जाऊन मासे विकणाऱ्या बायांजवळ बसायचं, ढिगात कोणकोणते मासे आलेत ते बघायचं, कोणत्या तळ्यातले ते विचारायचं, प्रत्येकातला एकेक विकत घ्यायचा आणि बरणीत घालून दुसऱ्या गावच्या एका प्राध्यापकांकडे ओळख पटवायला पाठवायचा. पहिल्या बाजारात मी नाकाला रुमाल लावून बसले. शेजारच्या बाईने मला विचारलं की दीदी, बिमार हो का, आणि सगळ्या रांगेत हशा पिकला. दुसऱ्या बाजारापासून रुमाल पर्समध्ये राहिला.

गंमत अशी की त्या कचेरीतल्या कुणीही जन्मात मासा विकत घेतलेला नव्हता. मॅडम नागपूरच्या, शाकाहारी. तिसरे सहकारी जैन. मी ही अशी, रुमालवाली. पण आम्ही मूर्ख नव्हतो. मॅडम कामाला फार कडक होत्या, आणि दोन्ही फेऱ्या एकाच मोसमात झाल्या पाहिजेत यावर त्यांचा जोर होता. पहिली फेरी जुलैच्या उत्तरार्धातली, म्हणून दुसरीही तेव्हाच. शिवाय श्रावणात लोक मासे खात नाहीत एवढं आम्हालाही माहीत होतं. मॅडमनी नागपूरहून आणलेलं मराठी कॅलेंडर दिवाणखान्यात खिळ्याला टांगलेलं होतं. त्यात बघून आम्ही पक्कं केलं की दीप अमावस्येच्या आत, म्हणजे श्रावण लागायच्या आत, सगळे बाजार उरकायचे. आणि उरकले. मॅडमनी त्या दिवशी पेढे आणले होते.

बरण्यांची ओळख पटून आली आणि मी रेघ काढली तेव्हा ती जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली आली. पहिल्या फेरीत जागोजाग दिसलेले मासे आता एखाद्याच बाजारात होते. बाम तर कुठेच नव्हता. बाम म्हणजे सापासारखा लांबुडका, चिखलात राहणारा मासा. नियमाप्रमाणे तो एकदम तीन पायऱ्या खाली गेला. वाईटही वाटत होतं आणि हाताला काहीतरी मोठं लागलंय असंही वाटत होतं. ही दोन्ही एका वेळी वाटू शकतात हे मला त्या दिवशी कळलं. मंगळवारी वरच्या अधिकाऱ्यांपुढे हे मांडायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या, ही रेघ बैठकीत टिकली तर काम पुढे वाढेल आणि त्याबरोबर तूही. नाहीतर माझा करार मार्चपर्यंतच होता. नवरा कोरब्याहून फोनवर अधूनमधून म्हणायचाच की क्वार्टर रिकामं आहे, तू ये. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मधल्या रविवारी मी रेघेचा कागद घरी आणला. श्रावण संपत आला होता. रात्री जेवायला आम्ही तिघं बसलो होतो आणि मला कौतुक करून घ्यायचं होतं, दुसरं काही नाही. मी आईंना समजावून सांगू लागले की ही इथे रेघ होती आणि ही इथे आली, एवढे मासे कमी झाले, आणि हा बाम म्हणतात तो तर दिसेनासाच झाला. आई चुकचुकल्या. मासा खात नसल्या तरी त्यांना जिवाची कणव होती. तुळशीला पाणी घालताना मुंगीही वाचवायच्या.

बाबांचा हात ताटावर थांबला. "पोरी, हे मोजलं कधी?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही फेऱ्यांच्या तारखा सांगितल्या. वर हेही सांगितलं की श्रावणाच्या आधीच उरकलं, कॅलेंडर बघून.

"कोणाच्या श्रावणाच्या आधी?"

"आपल्या. अजून कोनाच्या?" हे आई म्हणाल्या.

बाबांनी भाताचा घास तसाच ठेवला. मग हळूहळू बोलू लागले. "बजारात आपला श्रावण नाही चालत. इथं सावन चालते. तो आपल्या आधी पंधरा दिवस लागते. राखीले सरते. तेवढ्यात ह्या बाया बारीक मासा आणतच नाहीत, विकत नाही म्हणून. नासून जाते. पयल्या वेळी तुमी मोजलं, त्या साली अधिक मास होता. सावन उशिरा लागला होता. तवा जुलैत सगळे खाऊन राहिले होते."

मला हे पटायला हवं होतं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला बदलतो आणि आपल्याकडे अमावस्येला, हे काय मला माहीत नव्हतं? शाळेत शिकले होते. पण मी भांडायला उठले. म्हटलं, बाबा, पंधरा दिवस बाया आल्या नसतील कदाचित, पण बाम अजिबातच नाही. तो गेलाच आहे. बाबा म्हणाले, नाही गेला, राखीनंतर पुन्हा येऊन राहिला. मी विचारलं, कोण म्हणतं. ते म्हणाले, दादा सांगत होते. दादा म्हणजे त्यांचे बंगाली मित्र, रेल्वेत ड्रायव्हर होते, रेल्वे कॉलनीतच स्थायिक झालेले. मी म्हटलं, दादांनी पाहिला की त्यांना कुणी सांगितलं? कधी? कुठल्या बाजारात? आमच्या कामात असं चालत नाही. कुणी डोळ्यांनी पाहिलं ते लागतं.

आता विचार केला की अंगावर काटा येतो. मी त्यांना तारखेवर तारीख विचारत होते आणि समोर आई वरणाची वाटी घेऊन बसल्या होत्या. बाबांना तिथेच थांबता आलं असतं. दादांवर ढकलून मोकळं होता आलं असतं. मीही गप्प बसले असते, मंगळवारी रेघ घेऊन गेले असते, आणि त्यांचं घर जसं होतं तसं राहिलं असतं. मी मात्र वर म्हटलं, "ऐकीव गोष्टीवर रेघ बदलत नसते, बाबा."

"ऐकीव नाही," ते म्हणाले. त्यांनी आईंकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तो बाम मी आज दुपारी खाल्ला."

आईंनी वरणाची वाटी खाली ठेवली. ओरडल्या नाहीत. "कुठी?" एवढंच विचारलं.

"दादाकडे."

"आन कॅरम?"

"खेळतो बी."

"श्रावणात?"

"आपल्या," बाबा म्हणाले. "बजाराचा सरला होता."

मला हसू आलं असतं, पण आईंचा चेहरा बघून ते आतच राहिलं. त्या उठल्या, माझ्या ताटात पोळी वाढली, बाबांच्या ताटातही वाढली, आणि स्वतःचं ताट झाकून आत निघून गेल्या. बाबा जेवले नाहीत. मला म्हणाले की पोरी, तुझ्या कचेरीत काय सांगायचं ते सांग, माझं नाव घेतलं तरी चालेल. मी एवढंच विचारलं की का बोललात. ते म्हणाले, तू चार लोकांत खोटी पडली असती तर मले कॅरम गोड लागला नसता.

सोमवारी सकाळी मी मॅडमपुढे उभी राहिले. त्यांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत कॅलेंडरकडे. मग कचेरीच्या गाडीच्या ड्रायव्हरला आत बोलावून विचारलं की आपण फिरलो तेव्हा सावन होता का. तो म्हणाला, हव मॅडम, सावन तो था, रास्ते में कांवड़िए भी मिले थे ना. खरंच मिळाले होते. भगवे कपडे घालून, खांद्यावर कावड घेऊन बोल बम करत जाणाऱ्या पोरांना आम्ही गाडी थांबवून वाट दिली होती आणि माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नव्हता.

मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे आपण मासे मोजलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "आपण गिऱ्हाइकं मोजली."

थोडं चिडल्या, माझ्यावर, मग स्वतःवर, मग प्राध्यापकांवर, ज्यांचा यात काही दोष नव्हता. पण मंगळवारची बैठक त्यांनी पुढे ढकलली नाही. स्वतः आत गेल्या आणि सांगितलं की रेघ काढली होती, ती चुकीची निघाली, तारखा मी ठरवल्या होत्या. मी बाहेर बाकावर बसले होते आणि दार उघडं होतं. कुणीतरी खोचून विचारलं की मग मासे कमी झालेत की नाही झालेत. त्या म्हणाल्या, आत्ता माहीत नाही, आणि माहीत नसताना माहीत आहे म्हणणं मला जमणार नाही. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. ज्या बाईने आपल्या वागण्याने माझ्यापुढे असा धडा घालून दिला, तिची मी जन्माची ऋणी आहे. माझा करार पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाढला, तो त्या दिवसाच्या खरेपणावर, रेघेवर नाही.

पुन्हा बाजार फिरायचे ठरले. आता कोणत्या दिवशी जायचं हे ठरवायला मॅडमनी बाबांनाच कचेरीत बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, खुर्चीच्या कडेवर बसले, आणि सांगायला लागले. तीजला, म्हणजे हरतालिकेला नको, पितरांच्या पंधरवड्यात नको, नवरात्रात तर नावच नको, कार्तिक अर्धा गेला समजा, आणि अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, गुरुवार सोडून. जैन सहकाऱ्यांनी विचारलं की बाबूजी, फिर लोग खाते कब हैं. बाबा गंभीरपणे म्हणाले, बीच बीच में. शेवटी पितर लागायच्या आधीचा आठवडा निवडला, आणि बाबा आमच्याबरोबर गाडीत बसले.

त्या आठवड्यात मी माझे सासरे पहिल्यांदा पाहिले असं म्हटलं तरी चालेल. बाजारातल्या बाया त्यांना ओळखत होत्या. गार्डबाबू म्हणत होत्या. ढिगाजवळ उकिडवे बसून ते बोटाने एकेक मासा बाजूला करत आणि मी टिपून घेत असे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी मोकळीक मी घरी कधी पाहिली नव्हती. बाम सापडला. एका बाजारात नाही, बऱ्याच बाजारांत. चिखलाचा, वळवळणारा, जिवंत. मला त्याला हातात घ्यावंसं वाटलं आणि मी घेतला. माळकरी घरची सून मासा धरून उभी आहे आणि तिचे डोळे भरून आलेत, हे बघून त्या बायांनी भाव मात्र कमी केला नाही.

पुढच्या वर्षी, सावन लागायच्या आधी, आम्ही रीतसर फेरी केली. रेघ खाली गेलीच, पण हळू. जी पडझड दिसली ती खरी होती. तळी बुजवून प्लॉट पडत होते. मोठ्या माशांचं बीज सोडण्याआधी मोहाच्या बियांची पेंड टाकून तळ्यातले सगळे बारीक मासे मारत होते. तो उतार बघून मला पूर्वीसारखा कैफ चढला नाही. आहे तेवढं आहे, आणि ते खरं आहे, याचं समाधान वाटलं. बैठकीत त्या रेघेला कुणी खोचून काही विचारलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते याच्या आधीचं. बाजारांचा तो आठवडा संपला तेव्हा आई अजून बाबांशी बोलत नव्हत्या. जेवण वेळेवर, कपडे धुतलेले, औषधाची गोळी पाण्याच्या पेल्याजवळ. सगळं माझ्या तोंडून चालायचं. त्यायले सांग पाणी तापलं. त्यायले सांग फोन आला होता. बाबा शेजारच्या खोलीतून ऐकत आणि मी सांगायच्या आत उठत. रविवारी ते कुठेच गेले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी कचेरीत जात होते, माझं काम वाचलं होतं, आणि त्याची किंमत त्या खुर्चीत बसली होती. मला ताटावरचा घास कडू लागायचा.

एका संध्याकाळी आई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून देठ खुडू लागले. त्यांनी नेहमीसारखं विचारलं की आज काय केलं कचेरीत. एवढं होऊनही त्यांनी मला हे विचारायचं सोडलं नव्हतं. मी सांगितलं की नव्या बरण्यांत एक बोटाएवढा, अंगावर पट्टे असलेला मासा निघाला, जो पहिल्या फेरीत नव्हताच. म्हणून प्राध्यापकांनी पहिल्या फेरीच्या जुन्या बरण्या काढून पुन्हा बघितल्या, तर तो तिथेही होता. दुसऱ्याच माशाचं पिल्लू समजून कुणी लक्ष दिलं नव्हतं. आज मी तो जुन्या फेरीतही घातला.

"जुनं काहून बदलवता?" आई म्हणाल्या. "जे झालं ते झालं."

मी म्हटलं, आई, जुनं नाही बदललं तर असं दिसेल की हा मासा या वर्षीच कुठून तरी आला. तो तेव्हाही होता. मासा बदलला नाही. आपल्याला कळलं आज, एवढंच. म्हणून आज कळलेलं मागे नेऊन ठेवावं लागतं, नाहीतर जगात काहीतरी घडलं असं वाटतं आणि घडलेलं काहीच नसतं. बामच्या वेळी याच्या उलट झालं होतं, गेला नव्हता आणि आम्ही गेला म्हणत होतो.

बोलता बोलता मला कळलं की मी काय बोलतेय. आईंचे हात चालूच होते. पानं एका बाजूला, देठ एका बाजूला.

"म्हंजे मानूस आज नाही बिघडला," त्या म्हणाल्या. "असाच होता."

मी मान हलवली.

"मंग मी एवढी वर्षं सुखात होती, ते याच मानसासंग होती नं."

त्यांनी मांडीवरचा पाला झटकला, तशाच बसून अंगणाकडे तोंड केलं आणि कित्येक दिवसांनी त्या सरळ बाबांशी बोलल्या. "अवो, इकडे या जरा."

बाबा आले. दारात उभे राहिले. बसू की नको असं त्यांना झालं होतं.

"कवापासून?" आईंनी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या सालापासून. डोंगरगडले ड्युटी होती. दादानं डबा उघडला."

"मी बाळंतपनाले माहेरी गेली होती, तवा बी?"

"हव."

"आन पोरगा झाला, मी अंथरुनाले खिळली होती, त्या साली बी?"

बाबांनी मान खाली घातली. "हव," ते म्हणाले. "त्या साली बी."

आईंनी हातातली काडी मोडली. त्या साली काय काय झालं ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावं.

"त्या साली तं तुमी मले लय जपलं," त्या म्हणाल्या.

बाबा खाली बसले आणि भाजीची अर्धी जुडी स्वतःकडे ओढली.